सेझानच्या निसर्गचित्राची छापील प्रत : आकार, कागद, काच आणि कोकणातली ओल

जांभादगड (रत्नागिरी)

नमस्कार. गेल्या वर्षी मुलीकडे न्यू जर्सीला गेले होते, तेव्हा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्ये फ्रेंच चित्रकार पॉल सेझान यांचे एक निसर्गचित्र पाहण्यात आले. दक्षिण फ्रान्समधील एक्स-अँ-प्रोव्हाँस या त्यांच्या गावाजवळच्या सँत-व्हिक्त्वार डोंगराचे ते चित्र असून ते १८८२ ते १८८५ या काळातले आहे. समोर पाइनचे एक उंच झाड आभाळापर्यंत गेलेले, त्याच्या एका अंगाला दूरवर डोंगर, दुसऱ्या अंगाला आर्क नदीच्या खोऱ्यावरून सरळ रेषेत गेलेला रेल्वेचा कमानींचा पूल आणि खाली हिरव्या-पिवळ्या शेतांचे तुकडे. चित्रात काहीही घडत नाही, तरीही मी त्याच्यासमोर इतका वेळ उभी राहिले की मुलगी दोनदा बोलवायला आली.

घराची दुरुस्ती आता पूर्ण झाली असून बैठकीच्या खोलीत या चित्राची चांगली छापील प्रत चौकटीसह लावावी, असे आम्हा दोघांच्या मनात आहे. त्यासाठी दोन पर्याय समोर आले आहेत. एका ऑनलाइन दुकानात ‘सेझान : माँ सँत-व्हिक्त्वार’ या नावाने २४ बाय ३६ इंचांची कॅनव्हासवरील प्रत सोनेरी चौकटीत बसवून घरपोच मिळते, आणि ती ‘म्यूझियमच्या दर्जाची’ असल्याचे तेथे लिहिले आहे. दुसरा पर्याय गावातल्या फ्रेमवाल्याचा आहे. चित्राची फाइल आणून द्या, मी फोटोच्या कागदावर छापून काच लावून देतो, असे तो म्हणतो. दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नाही. आमची तयारी १२ ते १५ हजार रुपयांपर्यंत आहे.

भीती एकाच गोष्टीची वाटते. माझ्या दिवंगत भावाने काढलेले एक जलरंगचित्र काही वर्षांपूर्वी आम्ही बाहेरगावच्या एका दुकानातून फ्रेम करून आणले होते. दोन पावसाळे गेले आणि काचेच्या आतून पांढुरके ठिपके दिसू लागले, शिवाय माउंटच्या, म्हणजे चित्राभोवती बसवलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, आतल्या कडेने कागदावर तपकिरी रेघ उमटली. मागची बाजू उघडून पाहिली तेव्हा चित्र चिकटपट्टीने थेट पुठ्ठ्याला डकवलेले आढळले. छापील प्रत खराब झाली तर दुसरी आणता येईल हे खरे, परंतु तोच प्रकार पुन्हा पाहण्याची इच्छा नाही. घर जांभ्या चिऱ्याचे आहे, पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, आणि नेमकी तीच भिंत सोफ्यामागे मोकळी आहे.

तेव्हा कागद घ्यावा की कॅनव्हास, आकार किती असावा, काच कोणती लावावी आणि अशी प्रत आपली आपण छापून घेणे कायद्याला धरून आहे काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

छापखाना (मुंबई)

सर्वांत आधी २४ बाय ३६ हे माप मनातून काढून टाकावे. मूळ चित्र ६५.४ सेंटिमीटर उंच आणि ८१.६ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे उंची आणि रुंदी यांचे प्रमाण जवळजवळ चारास पाच. आपल्याला दाखवलेल्या मापाचे प्रमाण दोनास तीन आहे. हे चित्र त्यात बसवायचे तर एक तर ते आडवे ताणावे लागते, म्हणजे डोंगर बसका होतो, नाही तर वरून-खालून मिळून उंचीचा सुमारे सहावा भाग कापावा लागतो. मूळ चित्रावर मोजले तर तो ११ सेंटिमीटरांचा पट्टा भरतो. विक्रेते बहुधा कापण्याचा मार्ग पत्करतात, कारण ठरावीक मापांच्या चौकटी त्यांच्याकडे तयार असतात आणि चित्राने चौकटीत मावायचे असते. आपण ज्या झाडाचे वर्णन केले आहे त्याचा शेंडा चित्राच्या वरच्या कडेजवळ पोचतो, त्यामुळे कात्री पहिल्यांदा त्यालाच लागेल.

२४ बाय ३० हे माप मात्र चारास पाचच आहे. मूळ चित्र इंचांत मोजले तर पावणेसव्वीस बाय बत्तीस भरते, त्यामुळे २४ बाय ३० ची प्रत जवळजवळ मूळ आकाराची होते. आधुनिक चित्रांच्या बाबतीत असा योग नेहमी येत नाही. पुष्कळ चित्रे घरात मावतील अशा आकाराची नसतात.

फाइल कोठून घ्यावी, हा पुढचा प्रश्न. मेट्रोपॉलिटन म्यूझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्या संग्रहातील हक्कमुक्त कलाकृतींची छायाचित्रे कोणालाही, कोणत्याही कामासाठी, विनामूल्य वापरता येतील असे जाहीर केले, आणि हे चित्र त्यांत आहे. फाइल त्यांच्याच संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. इतरत्र फिरणाऱ्या फाइलींचे रंग कोणी आणि कसे बदलले आहेत, याचा काहीही भरवसा नसतो. एकच चित्र एके ठिकाणी पिवळट आणि दुसरीकडे निळसर दिसते ते याचमुळे. उतरवल्यावर लांब बाजूला किती पिक्सेल आहेत ते पाहून त्या संख्येला छपाईच्या इंचांनी भागावे. समजा ४००० पिक्सेल असतील, तर ३० इंचांवर दर इंचाला १३३ पडतात. पुस्तकाच्या छपाईला ३०० लागतात म्हणून कोणी आपल्याला घाबरवील, पण पुस्तक हातात धरून वाचतात आणि भिंतीवरचे चित्र पाच-सहा फुटांवरून पाहतात. १५० च्या आसपास आकडा आला तर मी निर्धास्तपणे छापतो, १२० च्या खाली गेला तर आकार कमी करण्याचा सल्ला देतो. आपल्याला २० बाय २५ देखील चालणार असेल तर त्याचेही प्रमाण तेच आहे आणि छपाई अधिक नेटकी येईल.

हक्कांची काळजी येथे नाही. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी चित्राचा स्वामित्वहक्क संपतो आणि सेझानचे निधन २२ ऑक्टोबर १९०६ रोजी झाले. जाता जाता सांगतो, राजा रविवर्मा यांचे निधन त्याच महिन्याच्या २ तारखेला झाले होते. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेलेला छापखाना आठवला, तर चित्राची छापील प्रत काचेत बसवून भिंतीवर लावणे आपल्याकडे किती जुने आहे ते लक्षात येईल. त्या काळी ती दगडावरून छापली जाई, आता शाई कागदावर फवारली जाते, एवढाच फरक.

दुकानदार ‘झिक्ले’ हा शब्द वापरतील. फवारणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून तो १९९१ मध्ये जॅक डुगॅन या अमेरिकी मुद्रकाने रूढ केला. शब्द भारदस्त असला तरी त्याचा अर्थ चांगल्या इंकजेट यंत्रावरची छपाई इतकाच आहे, आणि तो शब्द वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून शब्दावर न जाता दोनच गोष्टी विचाराव्यात. शाई पिगमेंटची (रंगाच्या बारीक कणांची) आहे की डायची (विरघळलेल्या रंगाची)? पिगमेंटची हवी, कारण डायची शाई उजेडाने लवकर उडते. कागद कशाचा आहे? शंभर टक्के कापसाच्या लगद्याचा, आम्लरहित, दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास वजनाचा, मॅट म्हणजे न चकाकणाऱ्या पृष्ठभागाचा कागद मागावा. तो खरोखर तसा आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. नोटा तपासण्याची जांभळी बत्ती अंधाऱ्या खोलीत कागदावर धरावी. कागद निळसर झळकला तर त्यात पांढरेपणा वाढवणारी रसायने आहेत. ती कालांतराने निष्प्रभ होतात आणि कागद पिवळा पडल्यासारखा दिसू लागतो.

मोठी प्रत छापण्यापूर्वी त्याच कागदावर चित्राचा एक पट्टा छापून मागावा. त्याचे वेगळे पैसे पडले तरी द्यावेत. पट्टा निवडताना डोंगर, आभाळ आणि शेत हे तिन्ही त्यात येतील असे पाहावे, आणि तो घरी नेऊन, ज्या भिंतीवर चित्र लागणार आहे तेथे, सकाळी आणि रात्री दिव्याच्या उजेडात पाहावा.

खडूफळा (नागपूर)

छापखाना यांनी कापण्याबद्दल जे लिहिले आहे त्यात चित्रकलेच्या शिक्षकाच्या नात्याने थोडी भर घालतो. सेझानच्या चित्राची कड ही केवळ जेथे कॅनव्हास संपला ती जागा नसते. या चित्रात झाडाची उभी रेघ आणि पुलाची आडवी रेघ एकमेकींना छेदतात, आणि डोंगर, शेते, घरांची छपरे त्या दोन रेघांच्या आधाराने आपापल्या जागी बसतात. वरून चार बोटे कापली की उभी रेघ आखूड होते आणि सगळा तोल आडवा होतो. तसे पाहिले तर तो पूल म्हणजे त्या काळातील नवी रेल्वे आहे, परंतु सेझानने तो एखाद्या प्राचीन रोमन जलसेतूसारखा स्थिर करून टाकला आहे. ती स्थिरता कडांवर अवलंबून आहे.

या बांधणीचा आपल्याकडच्या चित्रकलेशी थेट संबंध आहे. नागपूरच्या आणि नंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले सय्यद हैदर रझा १९४८ मध्ये काश्मीरमध्ये चित्रे काढीत असताना त्यांची गाठ आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशी पडली. तुमच्या चित्रांत कौशल्य आहे पण बांधणी नाही, सेझान अभ्यासा, अशा आशयाचा सल्ला त्यांनी रझांना दिला. रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि त्यानंतरच्या त्यांच्या निसर्गचित्रांत घरे, टेकड्या आणि आभाळ कसे घट्ट बसवलेले दिसतात ते पाहण्यासारखे आहे. बांधणी हा ज्या चित्राचा प्राण आहे, तेच चित्र तयार चौकटीच्या मापाने कापून विकले जावे, याचा मला दरवेळी संताप येतो. असो.

पट्टीमाप (पुणे)

मी २० वर्षांहून अधिक काळ फ्रेमिंगचे काम करीत आहे आणि कोकणातून आलेल्या फ्रेमा उघडताना नाक बाजूला धरावे लागते, हे अनुभवाने सांगतो. आपल्या भावाच्या चित्राला जे झाले ते दोन वेगवेगळ्या कारणांनी झाले आहे. ठिपके बुरशीचे आहेत. हवेतली आर्द्रता बराच काळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर ती धरते, आणि काच जर कागदाला टेकलेली असेल तर दव साचून काम आणखी लवकर होते. तपकिरी रेघ मात्र ओलीची नव्हे, ती माउंटमधल्या आम्लाची आहे. स्वस्त माउंट लाकडाच्या लगद्याचा असतो, त्याची तिरकी कापलेली कड कागदाला टेकते आणि तेथे कागद भाजल्यासारखा होतो.

म्हणून नव्या फ्रेमसाठी आम्लरहित माउंट मागावा, आणि कापल्यावर त्याची कड आतपर्यंत एकसारखी पांढरी आहे ना ते पाहावे. पुढचा माउंट आम्लरहित आणि प्रतीच्या मागे हार्डबोर्ड थेट टेकलेला, असा प्रकार सर्रास चालतो. प्रतीच्या मागेही तसाच एक माउंटबोर्ड हवा आणि त्यामागे हार्डबोर्ड किंवा एमडीएफऐवजी पन्हळी प्लॅस्टिकचा पत्रा असावा, कारण तो ओल शोषून घेत नाही. प्रत कोठेही पूर्ण चिकटवू नये. वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ जपानी कागदाच्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावाव्यात आणि बाकीचा कागद मोकळा सोडावा, म्हणजे पावसाळ्यात तो फुगला आणि उन्हाळ्यात आकसला तरी त्याला सुरकुती पडत नाही. आपला फ्रेमवाला म्हणेल की असे कोणी करीत नाही. त्याला म्हणावे, जास्तीचे पैसे घ्या पण असेच करा.

काचेबद्दल. साधी काच अतिनील किरण पूर्णपणे अडवत नाही. अतिनील किरण अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक मिळते आणि आपण मोठा आकार घेणार असाल तर मी ॲक्रिलिक सुचवीन, कारण त्याचे वजन तेवढ्याच जाडीच्या काचेच्या निम्म्याहून कमी असते आणि प्रवासात ते फुटत नाही. त्याला ओरखडे पटकन पडतात, म्हणून ते ओल्या मऊ सुती कापडाने पुसावे. काचा पुसण्याचे अमोनियाचे द्रावण त्यावर मारल्यास ते धुरकट होते. माउंटमुळे ॲक्रिलिक आणि कागद यांच्यात अंतर राहतेच, पण माउंट न लावता कडेपर्यंत फ्रेम करायची असेल तर मधे स्पेसरची पट्टी घालावी.

चौकटीची पट्टी सागाची किंवा ॲल्युमिनियमची घ्यावी. आंब्याच्या लाकडाला भुंगेरा लागतो आणि सोनेरी मुलामा दिलेली प्लॅस्टिकची पट्टी कोपऱ्यांत उघडते. हे चित्र पाहता नक्षीची सोनेरी चौकट मी लावणार नाही. सागाची अरुंद, साधी पट्टी आणि हस्तिदंती रंगाचा तीन इंचांचा माउंट पुरेसा आहे. २४ बाय ३० च्या प्रतीला असा माउंट लावल्यावर माप ३० बाय ३६ होते आणि पट्टी धरून त्याहून दोन इंच अधिक. भिंत मोजताना हे लक्षात ठेवावे.

आणि त्या पश्चिमेच्या भिंतीवर चित्र लावू नये. कोकणात पावसाची झड पश्चिमेकडून येते, जांभा पाणी ओढतो, आणि वरून कितीही रंग लावला तरी ओल आतून येत राहते. घराच्या आतली, दोन खोल्यांमधली भिंत असेल तर ती उत्तम. तेथेही फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या गुंड्या लावाव्यात, म्हणजे हवा खेळती राहते. चिऱ्यात नुसता खिळा ठोकल्यास तो भुसभुशीत जागी सैल होतो, तेव्हा ड्रिलने भोक पाडून गिट्टी बसवावी आणि एकाऐवजी दोन हुक घ्यावेत. फ्रेममध्ये डांबरगोळ्या ठेवण्याचा सल्ला कोणी देईल. त्या किड्यांसाठी आहेत, ओलीसाठी नाहीत.

भावाच्या चित्राबद्दल एक विनंती. बुरशी पुसायला जाऊ नये, ती रंगात घासली जाते. चित्र जुन्या फ्रेममधून काढून, दोन कोऱ्या आम्लरहित कागदांमध्ये सपाट आणि कोरड्या जागी ठेवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तेथे एकदा विचारून पाहावे.

दोनमजले (दादर)

वरील सर्व माहिती मोलाची आहे, परंतु कॅनव्हासची बाजू कोणीच मांडलेली नाही. मूळ चित्र कॅनव्हासवर तैलरंगात आहे. ते कागदावर छापून काचेआड ठेवले की समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब त्यात दिसते आणि चित्रापेक्षा आपणच अधिक दिसतो. माझ्याकडे कॅनव्हासवर छापलेले एक निसर्गचित्र सात वर्षे आहे, त्याला काच नाही, माउंट नाही, आणि बुरशीही आलेली नाही. वजन इतके कमी की एका खिळ्यावर राहते.

छापखाना (मुंबई)

आपले म्हणणे रास्त आहे आणि ज्या खोलीत समोरासमोर खिडक्या आहेत तेथे मीही कधी कधी कॅनव्हासच सुचवतो. माझे आक्षेप दोन आहेत. छपाईच्या कॅनव्हासची वीण सगळीकडे एकसारखी असते आणि सेझानच्या कुंचल्याचे फटकारे तिरपे, समांतर, गटागटाने मारलेले असतात; छापील फटकारा एका दिशेला आणि खऱ्या कापडाची वीण दुसरीकडे, असा तो झगडा जवळून पाहिल्यावर डोळ्यांना खुपतो. त्यावर काही विक्रेते पारदर्शक लेप देऊन फटकाऱ्यांचा खोटा उठाव आणतात. तो तर मुळीच घेऊ नये, कारण उठाव एका दिशेने आणि रंग दुसऱ्या दिशेने जातो. मॅट कागद निदान आपण कागद असल्याचे लपवत नाही.

दुसरा आक्षेप पुन्हा कडांचाच आहे. कॅनव्हास लाकडी सांगाड्यावर ताणताना चारही बाजूंनी दीड-दोन इंच मागे दुमडावा लागतो, आणि ते कापड चित्रातूनच घेतले तर झाडाचा शेंडा भिंतीकडे तोंड करून बसतो. कॅनव्हास घ्यायचाच असेल तर दुमडायचा भाग कोरा किंवा एका रंगाचा ठेवायला सांगावे. कोकणात सांगाड्याच्या कोपऱ्यांत पाचरी हव्यात, म्हणजे कापड सैल पडले की पुन्हा ताणता येते.

जांभादगड (रत्नागिरी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे वाचून मी त्या ऑनलाइन दुकानातले चित्र पुन्हा नीट पाहिले आणि एक गोष्ट लक्षात आली, ती सांगताना जरा संकोच वाटतो. ते मी पाहिलेले चित्रच नाही. त्यात झाड डाव्या बाजूला आहे आणि त्याच्या फांद्या वरून डोंगराच्या रेषेला समांतर पसरलेल्या आहेत. नाव तेच असल्यामुळे मी पैसे भरण्याच्या बेतात होते.

आणखी एक विचारायचे आहे. खडूफळा यांनी रझांचा उल्लेख केल्यापासून यजमानांनी त्यांच्या सुरुवातीच्या निसर्गचित्रांचा ध्यास घेतला आहे. त्यांचीही प्रत अशीच फाइल उतरवून छापून घेता येईल काय?

मार्सेयकर (फ्रान्स)

आपण वर्णन केलेले दुसरे चित्र लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहातले असावे. ते साधारण १८८७ चे असून सेझानने ते झ्वाकिम गास्के या तरुण कवीला दिले होते, आणि एरवी क्वचित सही करणाऱ्या सेझानने त्यावर सही केली आहे. त्याचेही प्रमाण २४ बाय ३६ नव्हे, तेही दुकानात कापलेलेच असणार. या डोंगराची सेझानने इतकी चित्रे काढली आहेत की केवळ नावावरून मागणी नोंदवणे धोक्याचे आहे. फिलाडेल्फियाच्या संग्रहातील १९०२ ते १९०४ या काळातील चित्रात तर झाडही नाही आणि पूलही नाही, सगळे खोरे रंगांच्या ठोकळ्यांत विरघळलेले आहे. म्हणून चित्राचे नाव, वर्ष, संग्रहालय आणि मूळ माप या चारही गोष्टी लिहून द्याव्यात आणि विक्रेत्याकडून लिहून घ्याव्यात.

मी येथून एक्स-अँ-प्रोव्हाँसला अनेकदा जातो. लेलोव्हच्या टेकडीवर, जेथून सेझान अखेरच्या वर्षांत हा डोंगर रंगवीत असे, तेथे त्याच्या चित्रांच्या प्रतिकृती उघड्यावर लावलेल्या आहेत आणि समोर खरा डोंगर आहे. पट्टा छापून घेतल्यावर रंग पारखताना एक ध्यानात ठेवावे. हा डोंगर चुनखडकाचा आहे. दुपारी तो करडा-पांढरा दिसतो, संध्याकाळी गुलाबी होतो, आणि मिस्त्राल हा तिकडचा उत्तरेकडून येणारा जोरदार वारा वाहून गेल्यावर इतका स्वच्छ दिसतो की हाताच्या अंतरावर असल्यासारखा वाटतो. तेव्हा इंटरनेटवरच्या प्रवासी छायाचित्रांशी पट्टा ताडून पाहू नये. संग्रहालयाच्या फाइलशी, आणि शक्य तितका आपल्या आठवणीशी, ताडून पाहावा. माझ्या मते निळा रंग सर्वांत आधी फसतो. तो हिरव्याकडे झुकला की दूरचा डोंगर जवळ येतो आणि खोऱ्याची खोली नाहीशी होते.

खडूफळा (नागपूर)

रझांच्या बाबतीत तसे करता येणार नाही. त्यांचे निधन २३ जुलै २०१६ रोजी झाले, म्हणजे ६० वर्षांची मुदत पुढल्या वर्षाच्या आरंभापासून मोजली असता त्यांच्या चित्रांचे हक्क २०७६ च्या अखेरीपर्यंत राखीव आहेत. हक्कधारकांच्या परवानगीने छापलेली प्रतच घ्यावी आणि ती परवानगी कोणाची आहे हे बिलावर लिहून घ्यावे.

यजमानांना एक फरकही समजावून सांगावा, कारण बाजारात या दोन्ही गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. चित्रकाराने स्वतः दगडावर, धातूच्या पत्र्यावर किंवा जाळीवर प्रतिमा घडवून मोजक्या प्रती काढल्या आणि त्यांवर क्रमांक घालून सही केली, तर ते मुद्राचित्र होय. ती स्वतंत्र कलाकृती आहे आणि तिची किंमत त्या हिशेबाने असते. सेझाननेही अशी थोडी शिळामुद्रिते केली होती. तयार तैलचित्राचे छायाचित्र घेऊन कागदावर उतरवले, तर ते केवळ प्रतिमुद्रण आहे, मग कागद कितीही उंची असो. म्हणून सेझानच्या छापील प्रतीबरोबर कोणी ‘मर्यादित आवृत्ती, ५०० पैकी ३७’ असे प्रमाणपत्र देऊ लागला तर त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. ती मर्यादा चित्रकाराने घातलेली नाही, विक्रेत्याने घातली आहे, आणि शेजारचा विक्रेता तीच फाइल उद्या छापू शकतो.

पट्टीमाप (पुणे)

परवानगीची प्रत मिळाली तरी ती तयार फ्रेममध्ये मागवू नये. नळीत गुंडाळून आलेली प्रत सुरक्षित पोचते आणि फ्रेम आपल्या डोळ्यांसमोर होते. नळीतून काढल्यावर मात्र ती लगेच फ्रेमवाल्याकडे नेऊ नये, दोन-तीन दिवस सपाट पसरून वर कोरा कागद आणि हलके वजन ठेवावे.

जांभादगड (रत्नागिरी)

येथवर काय झाले ते कळवते. भिंत बदलली आहे. चित्र आता बैठकीच्या खोलीच्या आणि देवघराच्या मधल्या भिंतीवर लागेल. ती मोजली तेव्हा ३२ बाय ३८ बसण्याइतकी जागा निघत नव्हती, म्हणून २० बाय २५ चीच प्रत घेत आहोत. माउंट आणि पट्टी धरून २८ बाय ३३ होईल. छपाई मुंबईत आणि फ्रेम येथे, असे ठरले आहे. आमच्या फ्रेमवाल्याने जपानी कागदाची गोष्ट आधी हसण्यावारी नेली, पण भावाच्या चित्रामागची चिकटपट्टी दाखवल्यावर तो गप्प झाला आणि खळ कशी शिजवायची ते विचारू लागला. ती मला येते, लहानपणी पुस्तकांना कव्हरे घालताना आई तीच करीत असे.

पहिला पट्टा काल आला. रात्री दिव्याखाली फार सुरेख दिसला, सकाळी मात्र मार्सेयकर यांनी लिहिल्याप्रमाणेच डोंगराचा निळा हिरवट झालेला आढळला. छापणाऱ्यांना पट्टा परत पाठवला आहे आणि त्यांनी कुरकूर न करता दुसरा काढून देण्याचे मान्य केले आहे. पुढच्या आठवड्यात भावाचे चित्र घेऊन मुंबईला जाणार आहोत, तेव्हा दुसरा पट्टा तेथेच, खिडकीपाशी उभे राहून पाहीन.